परवाचं बुकिंग रद्द कर

समजा, कोकणात तुमचा छोटासा होमस्टे आहे. चार खोल्या, मागे आंबा-फणस, दारात एक आळशी कुत्रा. बुकिंगची वही तुम्ही फोनमधल्या एआय सहायकाकडे सोपवली आहे. दुपारी आमटीला फोडणी देता देता तुम्ही त्याला सांगता, "परवाचं बुकिंग रद्द कर." क्षणात उत्तर येतं, "रद्द केलं आहे." तुम्ही पुन्हा आमटीकडे वळता.

कुठला परवा? होऊन गेला तो, की यायचाय तो? परवा फोनवर घेतलेलं बुकिंग, की परवा येणाऱ्या पाहुण्यांचं? घरातल्या कुणाला हेच सांगितलं असतं, तर त्यानं मान वर करून विचारलं असतं, "कुणाचं? ते नाशिकवाले का?" सहायकानं विचारलं नाही. दोनातला एक परवा त्यानं उचलला आणि काम उरकलं.

मराठीत आपण हा शब्द सर्रास वापरतो आणि कधी अडत नाही. 'परवा गेलो होतो', 'परवा जाईन'. कुठला परवा ते क्रियापद सांगतं. आज्ञा देताना मात्र क्रियापदाचा हा टेकू निघून जातो, आणि निघून गेलाय हे बोलणाऱ्याला कळतही नाही. त्याच्या लेखी वाक्य पूर्ण असतं.

बोलणाऱ्याला न कळणारी ही पोकळी एका प्रोग्रामरला आयुष्यभर खटकत राहिली. त्यानं त्यावर १९७८ च्या सुमारास एक छोटं टिपण लिहिलं. आपल्या रोजच्या भाषेत संगणकाला कामं सांगता आली की प्रोग्रामिंग सोपं होईल, ही कल्पनाच मूर्खपणाची आहे, असं त्यात त्यानं शीर्षकापासूनच ठणकावलं. आज आपण नेमकं तेच करतोय, आणि ते चालतंयही. मग तो चुकला का? या प्रश्नासाठी मी त्याची टिपणं पुन्हा वाचायला घेतली. उत्तर 'हो' किंवा 'नाही' इतकं सरळ निघालं नाही.

पेन, झेरॉक्स आणि पोस्ट

एड्सगर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) हा डच माणूस. कॉम्प्युटर शाखेच्या मुलांना तो परीक्षेपुरता माहीत असतो: नकाशातल्या दोन ठिकाणांमधला सगळ्यात कमी अंतराचा रस्ता शोधायची त्याची रीत. ती त्याला १९५६ साली सुचली. होणाऱ्या बायकोबरोबर अ‍ॅमस्टरडॅममध्ये खरेदी करून दमल्यावर एका कॅफेत कॉफी पिताना, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत. ती छापून आली १९५९ साली. इंटरनेटवरची पाकिटं आपली वाट शोधतात तेव्हा आजही तिचा उपयोग होतो.

लेखक म्हणून मात्र तो आपल्याकडे कुणी वाचत नाही. जवळजवळ चार दशकं तो टिपणं लिहीत होता. प्रत्येकावर आपल्या नावाची आद्याक्षरं, 'ईडब्ल्यूडी', आणि पुढे क्रमांक. ही संख्या तेराशेच्या वर गेली. बरीचशी टिपणं फाउंटन पेननं, खाडाखोड जवळजवळ न करता, शाळेच्या फळ्यावर शोभेल अशा अक्षरात लिहिलेली. अक्षर इतकं नेटकं की पुढे मॅकिंटॉशसाठी त्यावरून एक फॉन्टही बनवला गेला. लिहून झालं की तो झेरॉक्स काढून ओळखीच्या थोड्या लोकांना पोस्टानं पाठवायचा. ते पुढे आपापल्या झेरॉक्स काढून वाटायचे. म्हणजे फॉरवर्डच, फक्त पाकिटाला तिकीट लावून. आज ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठानं सांभाळलेली ही टिपणं नेटवर कुणालाही वाचता येतात.

त्यांत काय आहे? गणिती सिद्धता आहेत, प्रवासवर्णनं आहेत, परिषदांमधल्या कंटाळवाण्या भाषणांवरची चरफड आहे. गणिताची प्रमेयं सॉफ्टवेअरसारखी विकणारी एक काल्पनिक कंपनीही आहे आणि तिचा अध्यक्ष तो स्वतःच आहे. मोजणी शून्यापासून का सुरू करावी यावर १९८२ सालचं एक नितांत सुंदर टिपण आहे. आणि भरपूर मतं आहेत. नवी भाषा आली, नवं यंत्र आलं, विद्यापीठानं अभ्यासक्रम बदलला, की त्याचं मत तयार. निवृत्तीनंतर, २००१ साली, पहिल्या वर्षाच्या मुलांना हॅस्केलऐवजी जावा शिकवायचं घाटतंय हे कळल्यावर त्यानं विद्यापीठाच्या समितीला विरोधाचं पत्र लिहिलं. पहिली भाषा विद्यार्थ्याच्या विचारांना वळण लावते, ती बाजारात काय खपतं यावरून ठरवू नये, असा त्याचा मुद्दा.

मराठीत या प्रकाराला 'स्फुट' म्हणता येईल. आणि आपल्याच लोकांना क्रमांकानं पत्रं लिहून झोडपायची रीतही आपल्याला नवी नाही. लोकहितवादींची 'शतपत्रे' १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये येत होती. दोघांची जात एक: ज्या समाजाचे आपण आहोत त्याची लाज वाटते, आणि म्हणूनच लिहिल्याशिवाय राहवत नाही.

टोमण्यांचा राजा

डाइक्स्ट्राची लाज कुठून आली? १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत त्यानं व्यवसाय 'प्रोग्रामर' असा सांगितला, तर अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेनं तो मान्य केला नाही. असा व्यवसायच नसतो म्हणे. शेवटी 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असं लिहावं लागलं. १९७२ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात त्यानं हा किस्सा हसत सांगितला आहे, पण त्याची बोच त्याच्या लिखाणात सगळीकडे जाणवते. प्रोग्रामिंग हे जुगाडाचं काम नाही, ती बुद्धीची कठीण शिस्त आहे, हे त्याला जगाला पटवायचं होतं. जगाआधी प्रोग्रामर मंडळींना.

त्यातून आलं त्याचं सगळ्यात जास्त फिरणारं टिपण, क्रमांक ४९८, जून १९७५. बोचणारी सत्यं सांगायची कशी, असा प्रश्न शीर्षकातच आहे. आत एकेक भाषा घेऊन तो तिला आजाराचं नाव देतो. फोरट्रान म्हणजे बाळपणातलं दुखणं, पीएल/वन म्हणजे जीवघेणा रोग. कोबॉलनं मेंदू लुळा होतो, तेव्हा ती शिकवणं हा गुन्हा ठरवावा. आणि बेसिकचा स्पर्श झालेला विद्यार्थी तर कायमचा बिघडलेला.

वाचायला मजा येते, हे आधी कबूल करतो. हा माणूस आज असता तर त्याचे स्क्रीनशॉट रोज फिरले असते. पण समीक्षा मजेपाशी थांबू शकत नाही. यातले निकाल किती टिकले?

बेसिकचा निकाल तर सपशेल पडला. १९८० च्या दशकात जगभरातल्या असंख्य मुलांनी घरच्या छोट्या संगणकावर बेसिकमध्ये पहिली ओळ लिहिली आणि त्यांच्यातून पुढे उत्तम प्रोग्रामर निघाले. आपल्याकडे १९८४ च्या सुमारास शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले, त्यावरही बेसिकच होतं.

कोबॉलची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. हे टिपण लिहिलं तेव्हा डाइक्स्ट्रा नेदरलँड्समधल्या नूनेन या गावी आपल्या घरी बसून काम करत होता. १९७३ पासून तो 'बरोज' या अमेरिकी संगणक कंपनीचा संशोधक होता, आणि कंपनीनं त्याला हवं ते करायची मुभा दिली होती. त्याच वर्षांत मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस बरोजबरोबर काम करू लागली होती. तिच्या परदेशी कामांतलं एक अगदी सुरुवातीचं काम होतं हॉस्पिटलसाठीची प्रणाली बरोजच्या एका कोबॉलमधून दुसऱ्या कोबॉलमध्ये आणण्याचं. म्हणजे ज्या कंपनीच्या पगारावर एक माणूस कोबॉल शिकवणं गुन्हा ठरवत होता, त्याच कंपनीच्या कोबॉलवर भारताचा सॉफ्टवेअर निर्यातीचा धंदा रांगायला शिकत होता. पुढे १९९० च्या दशकाच्या शेवटी वायटूकेचं काम आलं, आणि मुंबई-पुण्यातल्या कित्येक मध्यमवर्गीय घरांतला पहिला पासपोर्ट कोबॉलमुळे निघाला.

यावरून कोबॉल सुंदर भाषा ठरत नाही. डाइक्स्ट्राची तक्रार तांत्रिक अंगानं वाचली तर तिच्यात दमही आहे. पण कुठली भाषा शिकायची हे निवडण्याची चैन सगळ्यांकडे नसते, ही गोष्ट त्याच्या टिपणांत कुठेच येत नाही. त्याचा प्रोग्रामर हा नेहमी निवांत, स्वतंत्र आणि त्याच्याइतकाच हुशार माणूस असतो. संगणकशास्त्रात उद्धटपणा 'नॅनो-डाइक्स्ट्रा'मध्ये मोजतात, असं अ‍ॅलन के एकदा म्हणाला होता. विनोद आहे, पण वेदना खरी आहे. असल्या टोमण्यांनी नवख्या पोराला शिस्त लागत नाही, तो फक्त गप्प होतो. वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न विचारायचं थांबवतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हे भोगलंय, आणि भोगून झाल्यावर ज्युनिअरला हेच ऐकवलंही आहे.

गंमत म्हणजे ४९८ क्रमांकाच्या टिपणाचा खरा विषय भाषांना शिव्या देणं हा नाहीच. शेवटाकडे तो विचारतो: आपल्याला ही सत्यं माहीत आहेत, तरी बाहेरचा पाठिंबा जाईल या भीतीनं आपण गप्प बसतो, मग आपण कसले विद्वान? हा प्रश्न आजही झोंबेल. पण फिरतात ते टोमणे, आणि प्रश्न मागे राहतो. त्याच्या नशिबात हे आधीपासून होतं. 'गो टू' आज्ञेविरुद्धचं त्याचं १९६८ चं गाजलेलं पत्र आठवा. ती 'हानिकारक' असल्याचं सांगणारा प्रसिद्ध मथळा त्याचा नव्हता, संपादक निकलाउस वीर्तनं दिलेला होता. त्या मथळ्याची नक्कल करत पुढे कितीतरी लेखांनी आपली बारशी केली. मूळ पत्र त्यातल्या किती जणांनी वाचलं असेल, देव जाणे.

बग 'येतो' कुठून?

निकाल बाजूला ठेवून त्याला वाचलं, की खरा डाइक्स्ट्रा सापडतो. १९८८ च्या एका लांब टिपणात, क्रमांक १०३६, तो एक साधी सूचना करतो: प्रोग्राममधल्या चुकीला 'बग' म्हणणं बंद करा, तिला चूक म्हणा. कारण बग म्हटलं की वाटतं, प्रोग्रामर बिचारा बेसावध असताना कुठून तरी एक किडा आत शिरला. प्रत्यक्षात ती चूक प्रोग्रामरनंच तिथे ठेवलेली असते.

हे वाचल्यावर मी आमच्या टीमचं बोलणं कान देऊन ऐकू लागलो. 'बग आला.' 'सर्व्हर बसला.' 'बिल्ड फाटलं.' 'डेटा उडाला.' सगळं आपोआप होतं. मराठी तर या बाबतीत फारच दयाळू भाषा आहे. 'मी चूक केली' हे वाक्य आपल्या तोंडात येतच नाही; 'माझ्याकडून चूक झाली' हे येतं. जणू मी नुसता रस्ता होतो आणि चूक माझ्यावरून चालत गेली. डाइक्स्ट्राला मराठी येत असती तर त्यानं या प्रयोगावर एक स्वतंत्र टिपण लिहिलं असतं.

यंत्राला माणसाची क्रियापदं लावण्याचा त्याला मनस्वी राग होता. प्रोग्रामला काहीतरी 'हवंय', तो कशाची तरी 'वाट बघतोय', असलं बोलणं त्याला चालत नसे. यंत्र विचार करू शकतं का, हा प्रश्न त्याच्या लेखी पाणबुडी पोहू शकते का या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा होता. हे वाक्य लोक यंत्राची टिंगल म्हणून वापरतात, पण रोख शब्दावर आहे: पाणबुडी पाण्याखालून जाते हे खरं, त्याला 'पोहणं' म्हणायचं की नाही हा भाषेचा प्रश्न, समुद्राचा नव्हे. मराठीनं तर त्या बोटीचं नावच बुडी मारणाऱ्यावरून ठेवलंय. आज एआय खोटी माहिती बेधडक सांगतं तेव्हा आपण त्याला 'हॅल्युसिनेशन' म्हणतो. भास. म्हणजे यंत्राला मन आहे, आणि ते जरा आजारी आहे. चूक कुणाची, हा प्रश्न या एका शब्दात विरघळून जातो.

इथेच त्याची एक विसंगतीही नोंदवायला हवी. त्याच १०३६ व्या टिपणात तो सांगतो, की संगणक ही मुळातूनच नवी गोष्ट आहे, तिला जुन्या उपमांनी समजून घेऊ नका, उपमा फसवतात. आणि सांगणारा कोण? तर भाषांना रोगांची नावं देणारा, पाणबुडीचा दाखला देणारा माणूस. उपमेवाचून त्याचंही पान हललं नाही. मला वाटतं, म्हणूनच त्याला त्यांचा धोका इतका नीट कळला असावा. दारूचे तोटे पिणाऱ्याला जास्त माहीत असतात.

चिन्हं ही शिक्षा की सवलत?

आता पुन्हा त्या १९७८ च्या टिपणाकडे, क्रमांक ६६७.

त्याचा पहिला मुद्दा कामाच्या वाटणीबद्दल आहे. आपण धरून चालतो, की माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये कामाचा एक ठरावीक ढीग आहे. यंत्राला आपली भाषा समजली की त्याचा भार वाढेल, आपला कमी होईल. डाइक्स्ट्रा म्हणतो, असं गृहीत धरू नका. दोघांमधली सरहद्द चुकीच्या जागी आखली तर दोघांचंही काम वाढू शकतं, कारण सरहद्दीवरून एकमेकांना समजावणं हेच मोठं काम होऊन बसतं. एआयला तीच गोष्ट पाचव्यांदा वेगळ्या शब्दांत सांगताना रात्रीचा एक वाजला असेल, तर हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरा मुद्दा खोल आहे. चिन्हांची भाषा आपल्याला जाच वाटते, पण ती खरं तर सवलत आहे. तिचे नियम थोडे आणि कडक, त्यामुळे पुष्कळसा मूर्खपणा तिथे लिहिताच येत नाही. बोलीभाषा ऐसपैस, तिच्यात निरर्थक गोष्टही अर्थपूर्ण वाटेल अशी सहज मांडता येते. पुराव्यादाखल तो गणिताचा इतिहास सांगतो. ग्रीकांचं गणित शब्द आणि आकृत्यांत राहिलं आणि अडलं. अरबी बीजगणित चिन्हांच्या उंबरठ्यावरून शब्दांकडे परत फिरलं आणि थांबलं. मग व्हिएत, देकार्त, लायब्निट्स, बूल यांनी चिन्हं रुजवली आणि एकेकाळी प्रतिभावंतांनाच जमणारी गणितं शाळकरी पोरं सोडवू लागली.

युक्तिवाद दमदार, इतिहास मात्र अर्धवट. ग्रीस, अरबस्तान, युरोप या वाटेवर भारत लागतच नाही. खरं तर बाराव्या शतकातले भास्कराचार्य त्याच्या फार कामाला आले असते. 'लीलावती' श्लोकांत आहे. पाठ करायला सोपी, कानाला गोड. पण त्याच भास्कराचार्यांचं 'बीजगणित' उघडा, तर अज्ञात राशीसाठी 'यावत्तावत्', 'कालक', 'नीलक' असे शब्द आणि त्यांची 'या', 'का', 'नी' ही आखूड रूपं दिसतात. गोष्ट सांगायला श्लोक आणि गणित मांडायला चिन्हं, अशी दोन हत्यारं एकच माणूस वापरत होता. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची नोंद आहे, म्हणजे हा पुरावा आपल्या अंगणातलाच. शब्द की चिन्हं, असा निवाडा त्यांनी केला नाही. कुठे काय लागतं ते ओळखलं.

आणि आजच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. डाइक्स्ट्रा एका बाबतीत चुकला: बोलीभाषेतल्या सूचना समजून चालणारा प्रोग्राम लिहून देणारं यंत्र झालं, आणि ते कामाचं आहे. गावातल्या बचतगटाचा हिशेब मांडणाऱ्या बाईला पायथन न शिकता छोटी प्रणाली करून घेता येत असेल, तर ती गोष्ट मोठी आहे, आणि त्याच्या जगात या बाईला जागाच नव्हती. पण चिन्हं गेलेली नाहीत. आपण बोलतो मराठीत किंवा इंग्रजीत, तरी शेवटी चालतो तो कोडच. बदललं एवढंच, की तो आता आपण लिहिला नाही आणि बऱ्याचदा वाचलेलाही नाही. 'परवा'चा अर्थ कुठेतरी एका ओळीत ठरलाय. तो ठरवताना आपण तिथे नव्हतो.

चाचण्यांनी चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे सिद्ध करता येत नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगायचा. होमस्टेचा सहायक दहा वेळा बरोबर वागला म्हणून अकराव्या परवाची खात्री देता येत नाही. कुणीतरी ती ओळ वाचायला हवी. ती वाचता येणारी माणसं कमी होत गेली, तर बचतगटाच्या बाईनं भरवसा ठेवायचा कुणावर?

म्हणून डाइक्स्ट्रा वाचावा. त्याचे टोमणे पाठ करून ज्युनिअरला ऐकवण्यासाठी नको. ते त्याचं सगळ्यात हलकं लिखाण आहे. ६६७ वाचा, १०३६ वाचा, शून्यापासून मोजण्यावरचं ८३१ वाचा. दोन-अडीच पानांचं टिपण फोनवर दहा मिनिटांत होतं. आणि नंतर आठवडाभर 'बग आला' म्हणायच्या आधी जीभ क्षणभर अडखळते का, ते बघा. माझी अडखळते. परवाच एका मीटिंगमध्ये मी 'माझ्याकडून चूक झाली' म्हणता म्हणता थांबलो, आणि 'मी चूक केली' म्हणालो. पलीकडे दोन सेकंद शांतता होती. मग कुणीतरी विचारलं, "कुठल्या ओळीत?"